पायदळाचे चेहरे

तांदळाच्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावर डोळे काढायचे म्हणजे श्वास रोखून धरावा लागतो. पटावरच्या लढाईच्या खेळातले हे प्लास्टिकचे सैनिक मीच रंगवते, आणि परवा त्यांच्यातल्या पायदळाचे चेहरे तिसऱ्यांदा रंगवायला बसले. दर रविवारी नवरा आणि त्याचा मित्र सुधीर खेळायला बसतात आणि चिवड्याच्या तेलकट बोटांनी सैनिकांची डोकी धरून त्यांना उचलतात.

"भाऊजी, पायाखालच्या चकतीला धरा ना!"

"हो वहिनी," म्हणतात आणि पुन्हा डोकंच धरतात.

मागे उभा असलेला सेनापती मात्र मी एकदाच रंगवलाय. त्याच्या मिशीचा एक केसही पुसलेला नाही, कारण त्याला कोणी जागचं हलवतच नाही. त्याची ती टवटवीत मिशी बघून माझं डोकंच फिरलं. रागाच्या भरात एका शिपायाचा चेहरा मी कोराच ठेवला. म्हटलं, बघू या कोण विचारतं ते.

रविवारी सुधीरभाऊजींनी पहिल्यांदा त्यालाच उचलून पुढे सरकवलं. चार खेळ्यांत तो मारला गेला. नवऱ्याने त्याला डोक्याला धरून डब्यात टाकलं आणि चिवड्याची वाटी पुढे ओढली.