ऐंशी गोळ्या आणि सुमनचा पायगुण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय म्हणून लगेच आपुलकीनं जवळ सरकू नका. तुम्हीही माझ्यासारखेच. घरात कुणाचं डोकं फिरलं की आधी दार लावून घेणारे.

विश्वनाथ माझा धाकटा भाऊ. परभणीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर दोन वर्षं चांगला राहिला. पेडगावचं सगळं शेत तोच बघायचा. रोज दोन गोळ्या. द्यायचं काम माझं, कारण मोजण्यात मी चुकत नाही. गोळ्यांनी त्याचा हात तेवढा थरथरायचा. एवढंच — पण मला तेच खुपायचं.

राणीसावरगावचे पाहुणे मुलगा बघायला येणार होते. त्यांच्यासमोर चहाची बशी खडखडली असती तर? आठ दिवस आधीच मी गोळ्या थांबवल्या.

"दादा, आज गोळी न्हाई?"

"डॉक्टरांनी बंद केल्या. बरा झालास तू."

लय खूश झाला. आईला सांगत सुटला. हात खरंच थांबला, बशी खडखडली नाही. लग्न ठरलं, लागलं. आता नव्या नवरीसमोर गोळ्या कशा काढायच्या? म्हणून पुढंही दिल्या नाहीत. चाळीस दिवस, ऐंशी गोळ्या. सगळ्या उकिरड्यात पुरल्या.

लग्नाच्या नवव्या दिवशी विश्वनाथनं बायकोला, सुमनला, ओळखलं नाही. "ही कोण घुसली घरात?" म्हणत लाकूड घेऊन तिच्यावर धावला. परभणीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या का?" मी म्हणालो, "एकही नाही." माझ्या मोजण्यावर त्यांचा भरवसा. दोन गोळ्या पुरत नाहीत असं समजून त्यांनी चार केल्या.

भित्रा माणूस, असं म्हणून तुम्ही मला सोडून द्याल. सोडू नका. भित्रेपणा इथं संपला — पुढचं वेगळं आहे.

घरी आई रडत होती. "दोन वरीस चांगला व्हता की रे. आसं कसं झालं?" भावकी जमलेली. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं. आणि मी म्हणालो, "पोरगी घरात आली आन् नवव्या दिवशी हे झालं. पायगुण. दुसरं काय?"

तो शब्द त्या घरात पहिल्यांदा मी काढला. नंतर सगळेच बोलले, आणि तिला माहेरी धाडायचं ठरलं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा दंगे होऊन गाड्या बंद पडल्या होत्या. म्हणजे चार दिवस हातात होते. चार दिवसांत एक वाक्य बोलता येत नाही? येतं. मी बोललो नाही. एसटी सुरू झाल्यावर पहिल्याच गाडीनं तिला माहेरी नेलं. तिचे वडील हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, लेकीचं काय चुकलं तेवढं तरी सांगा." मी म्हणालो, "तिलाच विचारा."

निघताना ती माझ्याशी एकच वाक्य बोलली. "दादा, त्येंच्या गोळ्या तेवढ्या येळेवर द्या."

याला अकरा वर्षं झाली. ती माहेरीच आहे. तिच्या गावात कुणाचं लग्न निघालं की हळदीच्या वेळी तिला मागं उभं करतात, हे मी स्वतः पाहिलंय — आणि पाहून जेवायला बसलोय. विश्वनाथचा हात आता इतका थरथरतो की चहा मीच बशीत ओतून त्याच्या तोंडाला लावतो.

गोळ्याही मीच देतो. चार. एकही चुकत नाही.