मुकादमानं वाचलेलं अर्धं स्तोत्र

डब्यांची झाकणं बनवायच्या कारखान्यात मावशीला वीस वर्षं झाली होती. सगळे तिला मावशीच म्हणत, मुकादमसुद्धा. रोज सकाळी मशिनं सुरू व्हायच्या आधी हा मुकादम चष्मा नाकावर सरकवून बायबलातलं रक्षणाचं स्तोत्र वाचायचा. देवा, मला दुष्टांच्या तावडीतून सोडव, तूच माझा आधार. आवाज कसा, अगदी साजूक तुपातला! बाया माना खाली घालून आमेन म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

हात आत जाऊ नये म्हणून पत्र्याची झाकणं कापणाऱ्या तीन नंबरच्या प्रेसला लोखंडी जाळी होती. ती याच भल्या माणसानं काढून ठेवली. जाळी असली की झाकणं कमी निघतात म्हणे! त्या प्रेसनं मावशीच्या धाकट्या बहिणीची दोन बोटं नेली. वर हा शहाणा म्हणतो, "तिचं लक्ष नव्हतं." आणि बहिणीच्या जागी उद्यापासून कोण बसणार? तिचीच पोर!

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी ती बहिणीकडे गेली, तर बहीण पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन म्हणते कशी, "ताई, देव सांभाळेल गं. पोरी, तेच स्तोत्र वाच." मावशीला वाचता येत नव्हतं. भाची वाचू लागली, ती मुकादम थांबतो तिथं थांबलीच नाही. ते माझ्या वाटेवर सापळे लावतात, देवा. त्यांचं पाप त्यांच्याच डोक्यावर पडू दे. गरिबाचा न्याय तू करशील, मला ठाऊक आहे.

"थांब," मावशी म्हणाली. "परत वाच."

भाचीनं चार वेळा वाचलं. वीस वर्षं मावशी याला गोडीगुलाबीचं मागणं समजत आली होती. अहो, कसलं मागणं! चिडलेल्या माणसानं देवापुढं केलेली फिर्याद होती ती. आणि मेल्या मुकादमानं नेमकी तीच गिळली होती! आपणही वीस वर्षं माना डोलावल्या, याचा तिला स्वतःचाच संताप आला.

सकाळी मुकादमानं पुस्तक मिटलं.

"अजून संपलं नाही," मावशी म्हणाली आणि उरलेलं तिनं खणखणीत आवाजात म्हटलं. बाया चपापल्या. मग एकेकीचं आमेन आलं, चांगलं मोठ्यानं.

"झालं तुमचं?" मुकादमानं चरफडत प्रेसचं बटण दाबलं. "बसवा पोरीला."

मावशीनं भाचीचं मनगट घट्ट धरलं. "जाळीवाचून काही बिघडत नाही ना? मग पहिलं झाकण तुम्ही काढा, साहेब. घाला हात."

प्रेस धडधडत होती. सगळ्या बाया बघत होत्या. मुकादमानं दोन्ही हात खिशात घातले.