ती कॉलर माझी होती

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या इंजिनिअर कंपनीची डायव्हिंग टीम वैनगंगेवर आली. पुरात नदीवरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, वाहून गेला होता आणि जिल्हा प्रशासनाने सैन्याची मदत मागितली होती. करडीच्या बाजूच्या गावांसाठी पाँटूनचा, म्हणजे पोकळ तरत्या नौकांवर बांधलेला, तराफा चालवायचा आणि पाण्याखाली अडकलेले काँक्रीट व झाडे मोकळी करायची, असा हुकूम होता. त्याच्या जोडीला वरून आणखी एक काम आले. दोन नमुन्यांच्या बीसींची ट्रायल घेऊन शिफारस करायची.

बीसी म्हणजे बॉयन्सी कॉम्पेन्सेटर, पाणबुड्याच्या अंगावरची हवेची पिशवी. हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो आणि बेताची ठेवली की हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो. नागरिक वाचकांना एवढे पुरे.

या ट्रायलच्या शेवटाविषयी आज दोन कथा सांगितल्या जातात. करडीत म्हणतात, नवे जॅकेट दोघांना पेलणारे नव्हते, म्हणून नाईक दयाराम कापगते याने आपला जीव दिला. कंपनीतले जुने लोक म्हणतात, जुन्या पद्धतीच्या कॉलरने त्याला बुडवले. दोन्ही कथा खोट्या आहेत. सांगणाऱ्यांपैकी एकही त्या दिवशी तराफ्यावर नव्हता. मी होतो.

दयाराम आणि मी एकाच जिल्ह्याचे, एकाच भरतीचे. तो करडीचा, मी आंबागडचा. आमच्याकडे गड आहे, जंगल आहे. तळ्याकाठी वाढण्याचे भाग्य आम्हाला नव्हते. मी पोहायला सैन्यात शिकलो आणि नियमाने शिकलो. दयाराम चालण्याआधी तरंगला असावा. बेसिक कोर्समध्ये माझा नंबर त्याच्या वर होता. तरीही उस्ताद नव्या जवानांना बोट दाखवीत ते त्याच्याकडे. "पानी में इसको देखो." हे वाक्य मी सबंध नोकरीभर ऐकले. तेव्हा आवडले नाही, आजही आवडत नाही.

दोन नमुन्यांपैकी पहिला कॉलरचा. ती डोक्यातून गळ्यात घालायची, पिशवी छातीवर आणि एक पट्टा दोन पायांमधून. हवा तोंडाने भरायची. निकडीच्या वेळी दोरी ओढली की छोट्या काडतुसातला वायू एकदम भरतो. तिचा मोठा गुण असा, की बेशुद्ध माणसाचे तोंड ती पाण्याबाहेर ठेवते. दोष असा, की पिशवी लहान, काम करताना गळ्याशी चढते आणि छातीवर दाब येतो. दुसरा नमुना जॅकेटचा. ते बंडीसारखे अंगात घालायचे, सिलिंडर त्याच्याच पाठीवर बसतो, बटण दाबले की सिलिंडरमधून हवा येते. उचल भरपूर, हात मोकळे. मात्र बेशुद्ध माणसाला ते उताणा करीलच याची खात्री नाही.

बीसी किनाऱ्यावर उभे राहून निवडू नये. वैनगंगेत पुरानंतर स्वतःचा पंजा दिसत नाही. तेथे पट्टा आणि झडप डोळे मिटून हाताला सापडली पाहिजे. शिवाय आमच्या कामात साखळ्यांचे लोखंड उचलायचे होते. म्हणून मी जॅकेट निवडले. दयारामने कॉलर निवडली.

ज्याची शिफारस मान्य होईल त्याला इन्स्ट्रक्टर कोर्सला पाठवू, असे कॅप्टन साहेबांनी दोघांसमोर सांगितले होते. मला तो कोर्स हवा होता. त्याहून अधिक, तो दयारामला मिळू नये असे मला वाटत होते.

दयारामने कॉलर निवडली, त्याचे कारण करडीच्या तळ्यातले होते. त्यांच्याकडे शिंगाडे काढायला उतरताना वाळलेला भोपळा छातीशी बांधतात. कॉलर त्याला ओळखीची वाटली. मी टीमसमोर म्हणालो, की भोपळा आणि बीसी यांत फरक असतो.

"फरक एवढाच हाये," तो म्हणाला, "भोपळ्याले कोर्स करा लागत नाही."

सगळी टीम हसली. सुभेदार साहेबही हसले.

तळ्याचा आणखी एक नियम तो सांगत असे. एका भोपळ्यावर एकच माणूस. कोणी बुडत असेल तर आपला भोपळा सोडून त्याच्या अंगाला बांधायचा आणि आपण सुटे पोहायचे. दोघे लटकले तर दोघेही जातात. मी त्याला सांगितले, की हा नियम जॅकेटला लागू नाही. सांगून थांबलो नाही. आमचा लंगरी, म्हणजे स्वयंपाकी, टीममधला सर्वांत जाड माणूस, त्याला धरून मी जॅकेटमध्ये तरंगून दाखवले. दयारामने किनाऱ्यावरून ते पाहिले आणि लंगरीला विचारले, "पोटात हवा तुया होती का जॅकेटच्या?"

शेवटच्या आठवड्यात कॅप्टन साहेबांनी अदलाबदल करायला लावली. एकमेकांचे उपकरण वापरल्याशिवाय ते कोणाचेही मत ऐकणार नव्हते. त्या दुपारी दयारामने प्रथमच जॅकेट घातले, मी कॉलर. तळाशी जाऊन त्याने एका तुटक्या खांबाला साखळी बांधली. सबंध वेळ तो तळाचा चिखल न ढवळता त्याच्या वर स्थिर राहिला. मला ते जमायला पंधरवडा लागला होता. वर येऊन त्याने तराफ्याची कड धरली.

"भाऊ, हे बेस हाये. तुयी शिफारस बरोबर हाये."

वाद मी जिंकला होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला दिसत होते एवढेच, की माझे जॅकेटही माझ्यापेक्षा त्याच्या अंगावर शोभते.

तो पाण्यातच होता तेव्हा वरच्या बाजूने एक डोंगा आला. आत एकटा म्हातारा शेतकरी. तराफ्याची वाट न पाहता तो पलीकडे निघाला होता. धारेने डोंगा आडवा केला, तो आमच्या नांगराच्या केबलवर आदळला आणि उलटला. म्हाताऱ्याने केबल पकडली. दयाराम कोणाच्या हुकमासाठी थांबला नाही. त्याने तेथवर पोहून म्हाताऱ्याला काखेखाली धरले आणि जॅकेट पूर्ण भरले. दोघांचीही डोकी पाण्यावर होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि कोणत्याही व्यासपीठावर सांगायला तयार आहे.

मी ओरडलो, "दयाराम, दोघंही धरून राहा. पेलते ते."

त्याने हात वर केला. ऐकले, असा तो इशारा. मग मला त्याची बोटे बकलवर दिसली. त्याने जॅकेट सिलिंडरसकट काढले, म्हाताऱ्याच्या अंगात घातले, पट्टा आवळला आणि त्याला मुख्य धारेत लोटले. ती धार खालच्या वाळूच्या बेटाकडे जात होती. आमची बोट तिकडेच उभी होती. म्हातारा वाचला.

दयारामने कमरेचा शिशाच्या वजनांचा पट्टा टाकून दिला आणि तो तराफ्याकडे वळला. तो पोहत आला असता, यात मला शंका नाही. पण उलटा डोंगा केबलवरून सुटला, फिरला आणि त्याच्या डोक्याला लागला. धारेने त्याला पाँटूनखाली नेले.

सुभेदार साहेब वायरलेसवर बोलले. "डायव्हर अंडर राफ्ट. बोट भेजो. ओव्हर."

"बोट सिव्हिलियन को निकाल रही है. टाइम लगेगा. ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "जाओ."

पाँटूनखाली काळोख होता. हाताला आधी केबल लागली, मग फांद्या, मग त्याचा पाय. फांद्यांत अडकलेला पाय मी सोडवला. तराफ्याच्या पलीकडे, धारेच्या खालच्या बाजूला आम्ही वर आलो तेव्हा त्याचे डोके माझ्या खांद्यावरून पाण्यात घसरत होते. मी सिलिंडर सोडून दिला. कॉलर माझ्या गळ्यातून काढली, त्याच्या गळ्यात घातली आणि दोरी ओढली. त्याचे तोंड आकाशाकडे झाले.

मेडिकल असिस्टंटने त्याच्या छातीवरचे हात थांबवले तेव्हा ऊन अजून कडक होते.

काठावर जमलेल्यांनी काय पाहिले? बेटावर म्हातारा, त्याच्या अंगात जॅकेट. काठावर दयाराम, त्याच्या गळ्यात कॉलर. त्यावरून दोन कथा जुळवल्या गेल्या. कॉलरने त्याला बुडवले नाही. तो बुडाला तेव्हा ती माझ्या गळ्यात होती. आणि जॅकेट दोघांना पेलत होते. त्याने ते काढले, कारण तो करडीचा होता.

ट्रायल रिपोर्टमध्ये मी दोघांचे मत जॅकेट असे दिले, कारण ते तसेच होते. शिफारस मान्य झाली. कोर्सला मी गेलो. तेथे पहिल्याच दिवशी उस्तादांनी विचारले, "कापगते वाली टीम से हो?"

करडीत दरवर्षी त्याच्या नावाने कार्यक्रम होतो. त्याचे नाव आधी घेतात, भाषणे त्याच्यावर होतात. माझा उल्लेख 'सोबती' असा, तोही आठवला तर. एका वर्षी जॅकेट कमी पडल्याची कथा पुन्हा झाली तेव्हा मी उठलो आणि वर लिहिले ते सर्व सांगितले. मागून कोणी म्हणाले, "मेलेल्या माणसाशी कायले भांडून राहिले साहेब?" भांडण मेलेल्या माणसाशीच होते. आणखी कोणाशी भांडावे, असा माणूस मला मिळाला नाही.

दयारामची आई पुढे सतरंजीवर बसली होती. तिने मला हाताने जवळ बोलावले.

"त्याच्या गळ्यात होती ते तुयी होती?"

"हो, माय."

"मंग तुयाजवळ काय होतं, बाबू?"

त्याच्या मृत्यूनंतर झालेल्या चौकशीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"काही नव्हतं, माय. मी त्यालेच धरून आलो."

तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

ती कॉलर लहान होती. दोघांना पेलली.