खिशातल्या दोन शिट्ट्या

दिल्लीची पोस्टिंग आली तेव्हा बटालियनमध्ये सगळ्यांनी अभिनंदन केलं. बर्फातून सुटलास, आता मेट्रोत फिर, म्हणाले. मी हवालदार होतो, रॉक क्लाइंबिंगचा इन्स्ट्रक्टर. फरिदाबादच्या पुढे धौज नावाचं गाव आहे. तिथे अरवलीचे कडे आहेत, फार उंच नाहीत, पण खडकाला धार आहे आणि मे महिन्यात त्याला हात लावला तर पोळतो. आमची छोटी टीम तिथे जवानांना चढायला शिकवायची.

टीममध्ये मराठी बोलणारे दोघंच, मी आणि नाईक सॅम्युअल वाघमारे. सॅम नगरचा, बर्फातल्या पोस्टिंगपासून माझ्याबरोबर. सुट्टीत घरी गेला की चर्चमध्ये पेटी वाजवायचा. फौजेत इन्स्ट्रक्टरला उस्ताद म्हणतात, तसा तो मला उस्ताद म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. माझ्या डब्यातली चटणी मात्र न विचारता संपवायचा.

आता मी रिटायर होऊन द्वारकेत राहतो. आमच्या सोसायटीतली तरुण मंडळी रविवारी धौजला चढायला जातात आणि आधी माझ्याकडे चौकशीला येतात. "काका, शूज कौनसे घेऊ? दोर कुठला बेस्ट आहे, यार, काही समजत नाही." शूज आणि दोर दुकानदारही सांगेल, त्याला फौजी कशाला पाहिजे? मी त्यांना सॅमच्या पिशवीतल्या वस्तू सांगतो. त्या दुकानात कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात आणि त्यांचा फोटो कुणी टाकत नाही.

पिशवीत फायर ब्रिगेडच्या जुन्या होजचा एक तुकडा असायचा. कड्याच्या धारेवर दोर घासतो तिथे तो दोराखाली घालायचा, नाहीतर खडक दोर कापतो. बारीक दोरीची कडी असायची. ती जाड दोराला गुंडाळली की वजन पडल्यावर आवळते आणि वजन काढलं की सरकते. जखमी माणूस खाली आणायचा तर तिच्यावाचून अडतं. चामड्याचे हातमोजे असायचे, कारण तळहात सोलला की भल्याभल्यांच्या हातून दोर सुटतो. आणि गळ्यात शिट्टी. तीसुद्धा आत मणी नसलेली. मण्याच्या शिट्टीत धूळ गेली की ऐन वेळी ती मुकी होते.

शिट्टीला सगळे हसायचे. पण चढणारा वर असतो, त्याचा दोर धरणारा खाली, आणि बऱ्याचदा एकाला दुसरा दिसत नाही. "माणसाचा आवाज फितूर असतो, उस्ताद," सॅम म्हणायचा. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे ढील दे. एक लांब म्हणजे दोर ताणलाय, मी धरलंय, अंग सोड.

आमचा एक शब्दही होता. चढणारा वर पोचला की दोरावर वजन टाकून हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेच्या पट्ट्यात, बसतो. बाकीचे जवान तेव्हा इंग्रजी कमांड द्यायचे. सॅम वर असला की मी खालून ओरडायचो, "बस." मी वर असलो की तो ओरडायचा, "बसा, उस्ताद." हे ऐकलं की मागे न बघता अंग सोडायचं. इतका भरवसा मी सख्ख्या भावावरही टाकला नसता.

एकदा पाहुण्यांसाठी चढाईचा डेमो होता. कड्यासमोर शामियाना, सोफे, लाउडस्पीकर. आमचे मेजरसाहेब सकाळपासून माइक तपासत होते. सॅम तयार होऊन उभा राहिला तशी त्यांची नजर त्याच्या गळ्याकडे गेली.

"ये क्या लटका रखा है?"

"सीटी, साहब. सिग्नल के लिए."

"ट्रैफिक पुलिस हो? मेरी कॉमेंट्री के बीच में सीटी नहीं बजेगी. जमा करो."

सॅमने शिट्टी काढून माझ्या हातात दिली. मराठीत म्हणाला, "घ्या उस्ताद. जेवताना परत द्या." मी माझीही काढली. दोन्ही खिशात टाकल्या.

"पवार, तुम गेस्ट के साथ रहोगे," मेजरसाहेब म्हणाले. "मैडम लोगों को समझाना है."

"साहब, वाघमारे की रस्सी मैं पकड़ता हूँ."

"कोई भी पकड़ लेगा. रस्सी ही तो है."

दोर धरायला सिपाई धरमवीर उभा राहिला. पानिपतचा पोरगा. मनगट दणकट, मन सरळ, टीममध्ये नवा. सॅम त्याला रोज चिडवायचा, तसं त्या दिवशीही चिडवलं, "तेरे गाँव में हमारा एक बार हो चुका है. रस्सी ठीक से पकड़." धरमवीरला यातलं काही कळत नसे. तो नेहमीसारखा हसला.

सॅम सुरेख चढला. मी शामियान्यात उभा राहून एका बाईंना समजावत होतो की दोर वर ओढत नाही, फक्त पडल्यावर धरतो. वर पोचल्यावर त्याने ढील मागितली. वरच्या लोखंडी कडीतून दोर ओवायचा होता. धरमवीरने भरपूर ढील दिली. मग मान वर करून, पुरे का, हे त्याने आपल्या भाषेत विचारलं.

"बस?"

लाउडस्पीकरवर मेजरसाहेब अरवलीचा इतिहास सांगत होते. त्या आवाजात विचारण्याचा सूर बुडाला आणि नुसता शब्द वर गेला. मी इकडे उभा होतो, तरी मलाही तो मराठीच ऐकू आला. सॅमने दोन्ही हात सोडले आणि घरच्या खुर्चीत बसावं तसा मागे बसला.

खाली खडकाचा एक कट्टा होता. दोर ताणला गेला तो सॅम कट्ट्यावर आदळल्यानंतर.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मेजरसाहेबांनी माइकवर सांगितलं, "और अब हमारे जवान दिखाएँगे, कैज़ुअल्टी इवैक्युएशन." पाठोपाठ माझ्या वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला, हळू.

"पवार, कैरी ऑन. गेस्ट को पता नहीं चलना चाहिए. ओवर."

"रॉजर, साहब. आउट."

त्या माणसाचा मला आजही राग येतो. कमी झालेला नाही आणि व्हावा असंही वाटत नाही.

मी सॅमची पिशवी घेऊन कट्ट्यावर चढलो. तो शुद्धीवर होता. कानातून रक्त येत होतं. पाय जसे पडले होते तसेच होते, हलत नव्हते. मी होजचा तुकडा धारेवर टाकला, कडी दोराला गुंडाळली. हात आपोआप काम करत होते.

"उस्ताद," तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, बस?"

ऐकण्यात आपली चूक झाली, हे मरताना त्याला कळू नये असं मला वाटलं.

"हो रे. मीच म्हणालो."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मग धरलं का नाहीत?"

त्यानंतर तो बोलला नाही. मी त्याला पाठीला बांधून सावकाश खाली आणलं. दोर घासला नाही, कडी एकदाही फसकन सरकली नाही. त्याच्या वस्तूंनी आपलं काम चोख केलं. खाली पुन्हा टाळ्या झाल्या. एक बाई म्हणाल्या, किती रिअल वाटतं. ॲम्ब्युलन्स पाहुण्यांच्या गाड्यांमागे अडकली होती आणि ड्रायव्हर मंडळी चहाला गेली होती. हॉस्पिटल यायच्या आधी सॅम गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत धरमवीर सावधान उभा राहून रडला. "मैंने तो पूछा था, साहब. पूछा ही था." बसचा मराठीत अर्थ काय, हे मला विचारण्यात आलं. मी सांगितला. चूक वाघमारेची, असा निकाल लागला. बाहेर आल्यावर धरमवीरने मला विचारलं, "उस्ताद, मेरे गाँव में आप लोगों का क्या हुआ था?" मी सांगितलं. त्यानंतर मी त्याला हसताना पाहिलं नाही.

सॅमची बायको रूथ नगरहून आली. ओळखीच्या कुणीतरी तिची सोय कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये केली होती. मी पिशवी घेऊन गेलो. लॉबीत रिकाम्या खुर्च्या होत्या आणि ती उभी होती. रात्रभरच्या प्रवासाने पाय सुजले होते तिचे. बसा वहिनी, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, पण तो शब्द काही बाहेर आला नाही. आम्ही उभेच राहिलो.

"शेवटचं काही बोलले का?" तिने विचारलं.

"नाही, वहिनी."

मी दोन्ही शिट्ट्या पुढे केल्या. यातली त्याची कुठली, हे मला सांगता येईना. तिने एक उचलली, ओठांना लावली, फुंकली नाही, आणि पदराच्या टोकात बांधली.

दुसरी माझ्याकडे आहे. सोसायटीतली मुलं गिअर विचारायला येतात तेव्हा मी खुर्ची हाताने दाखवतो. काका कडक आहेत, असं ती आपापसांत म्हणतात. मी पहिली वस्तू शिट्टी सांगतो. ती हसतात. मी हसू देतो आणि मग शिट्टी घेतल्याशिवाय धौजला पाठवत नाही.

नाईक सॅम्युअल वाघमारे, मुक्काम नगर. बर्फात, पावसात, मे महिन्याच्या उन्हात तो माझा दोर धरून उभा राहिला. "बसा, उस्ताद," म्हणायचा आणि मी बसायचो. त्याने मला एकदाही पडू दिलं नाही.