हात न लावता घेतलेलं कापड

कापड माझ्या तोंडावर आलं.

मुरुडच्या बाजारात, कापडदुकानाच्या तीन पायऱ्या सोडून खाली रस्त्यावर आम्ही उभ्या होतो. मी आणि माझी आय. आयनं पदर पसरून धरला होता. वर पांढऱ्या गादीवर बसलेल्या शेटनं कापड टरकन फाडलं, चुरगाळलं आणि खाली फेकलं. त्याचा नेम चुकला. कापड माझ्या तोंडावर आपटून चिखलात पडलं. शेट हसला. म्हणाला, "झेल की गो! एवढं पण जमत नाही?"

मी दहा वर्षांची. चौथीत. झेंडावंदनाला पांढरा फ्रॉक पाहिजे असा मास्तरांचा हुकूम होता. देश स्वतंत्र झाला होता ना! पांढऱ्या कपड्यात उभं राहून तसं सांगायचं होतं.

कापड फाडायच्या आधी आयनं विचारलं होतं, "शेटजी, जरा हातात घेऊन बघू का?"

"हात लागला की माल तुझा. मग परत घेणार नाही."

हा त्याचा कायदा. आमच्यापुरता. आम्ही महारवाड्यातली माणसं. न बघता घ्या, नाहीतर हात लावा आणि घ्याच. तिसरा रस्ता नाही. आयनं पैसे पायरीवर ठेवले. शेटच्या नोकरानं त्यांच्यावर पाणी शिंपडलं आणि मग उचलले. पैशाला लागलेला आमचा विटाळ पाण्यानं जातो, कापडाला लागलेला जात नाही, असं काहीतरी त्यांचं शास्त्र होतं. डोंबलाचं शास्त्र!

माझी आय काटकसरी होती. काटकसर म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. समुद्राकाठच्या खडपात वाकून कालवं फोडायची, विकायची. बोटं सगळी कालवांच्या धारेनं चिरलेली. पण त्याच चिरलेल्या बोटांना कापड कळायचं. चिमटीत धरून चोळायची, खळ किती ते सांगायची. तिरकं ताणायची, वीण सरकते का बघायची. काठाला जीभ लावून रंग सुटतो का ते बघायची. एकदा घेतलेलं कापड आधी माझ्या अंगावर, मग धाकट्याच्या अंगावर, मग गोधडीत आणि शेवटी चुलीपुढची चिंधी व्हायचं. एक धागा वाया जायचा नाही.

ही पारख ती कुठं शिकली? दुकानात नाही. दुकानात हात लावायची सोय नव्हती. ती शिकली मढ्यांवर.

गावात कुणी मेलं की माझा बाप भाऊबंदांना सांगायला गावोगाव पळायचा. लाकडं वाहायचा. त्या बदल्यात मढ्यावरचं कापड आमचं. तो आमचा हक्क म्हणे! आय ते धुवायची. धुतलं की त्याची सगळी लायकी उघडी पडायची. "ह्यांनी म्हाताऱ्याला बरं कापड घातलं व्हतं गो," कधीतरी म्हणायची. बहुतेक वेळा नुसती नाक मुरडायची. कापड शेवटी महाराच्या घरी जाणार, मग कशाला चांगलं घ्या? असा हिशेब करणारी माणसं ही. स्वतःच्या आईबापांच्या अंगावर हलकं कापड घालायची, का, तर आम्हाला चांगलं मिळू नये. जिवंतपणी दुकानात ज्या कापडाला आम्ही बोट लावायचं नाही, तेच कापड मेल्यावर त्यांच्या बापाच्या अंगावरून आम्ही काढायचं. तेव्हा कुणी बाटत नव्हतं.

तर तो फ्रॉक. आयनं हातानं शिवला. चिखलाचा डाग पुसला, पण कापड धुतलं नाही. घरी चिमटीत धरल्यावर तिला कळलंच होतं की ही नुसती खळ आहे. धुतलं तर काही उरायचं नाही. झेंडावंदन एक दिवसाचं. तेवढं निभेल असं तिला वाटलं.

निभलं नाही. झेंडा वर गेला आणि पावसाची सर आली. रांग मोडायची नाही, असा हुकूम. फ्रॉकमधली खळ दुधासारखी माझ्या पायांवरून ओघळली. मागं राहिली जाळी. आतलं ठिगळांचं पोलकं सगळ्या शाळेला दिसायला लागलं. आधी पोरं हसली, मग पोरी हसल्या, मग ओट्यावर खुर्च्या टाकून बसलेली गावातली मोठी माणसं हसली. मी पाटी छातीशी धरून उभी. रडले नाही. रडायचं सुचलंच नाही.

मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं. दुसऱ्या दिवशी मला वर्गापुढं उभं केलं आणि काटकसर या विषयावर पाठ दिला.

"हिच्याकडे बघा," मास्तर म्हणाले. "या लोकांना खरेदी कळत नाही. स्वस्त दिसलं की घेतात. काटकसर म्हणजे पारखून घेणं. कापड हातात घ्यावं, उजेडात धरावं, चार दुकानं फिरावं."

हातात घ्यावं म्हणे! कुणाच्या हातात? मला सगळं माहीत होतं. आदल्याच वर्षी याच मास्तरांचे वडील वारले होते. त्यांच्या अंगावरचं कापड आमच्या घरी आलं होतं. आयनं पहिल्यांदा पाण्यात बुडवलं आणि वर काढलं, तर तिच्या हातात नुसती गाळणी. आय म्हणाली होती, "शिकल्याला मानूस हाय, आन् बापाला ह्ये?" असल्या माणसाकडून मी पारख शिकत उभी होते. मान खाली घालून.

तो दिवस मी गिळला. पुढं सात वर्षं असले दिवस गिळत राहिले. मधे शाळा सुटली, पुन्हा धरली, आणि सातवीची फायनल पास झाले. महारवाड्यातली पहिली पोरगी. अलिबागला मास्तरणीच्या ट्रेनिंगला नंबर लागला. पत्र आलं. त्यात लिहिलेलं, दोन पांढरी पातळं पाहिजेत आणि पायात चपला पाहिजेत. नसतील तर वर्गात घेणार नाहीत. हजर व्हायला चार दिवस होते.

आयनं दोन वर्षांच्या कालवांचे पैसे कनवटीला बांधले. दोघी मुरुडला गेलो.

आधी चपलांचं दुकान. आदल्या दिवशी आयनं माडाच्या झावळीचा हीर माझ्या तळव्याला लावून मोडून घेतला होता, एक बोट वाढवून. म्हणजे पुढच्या वर्षी पाय वाढला तरी चपला पुरतील. दुकानदारानं हीर घेतला, चपलेला लावला, जोड खाली टाकला. मी म्हटलं, "पायात घालून बघते."

"पाय लागला की घ्यावी लागेल. काडीचं माप बरोबर आहे."

मेलेल्या जनावराचं कातडं मांडीवर घेऊन बसलेला माणूस. त्याला माझा जिवंत पाय चालत नव्हता. आयनं पैसे ठेवले. रस्त्यावर येऊन मी चपला घातल्या. डावी बरोबर, उजवी दोन बोटं आखूड. टाच बाहेर लोंबकळत होती. परत गेलो तर तो बघायलाच तयार नाही. "चल गो," आय म्हणाली, "चपलंचा अंगठा कापून हुगडी करू म्होरं. चालंल." चपला हातात घेऊन मी अनवाणी निघाले. डोकं भणभणत होतं.

कापडाच्या त्याच दुकानात आमच्या गावच्या खोतीणबाई बसल्या होत्या. खोती सरकारनं काढून घेतली होती, पण बाईंचा तोरा कुणी काढून घेतला नव्हता. गादीवर मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात पातळांचा ढीग. एक उघडायच्या, चोळायच्या, नाक मुरडायच्या, बाजूला टाकायच्या. मी मोजली. बारा. त्यांच्यासाठी चहा आला. पातळावर चहाचा थेंब सांडला. शेट म्हणाला, "असू दे, असू दे बाईसाहेब!" एवढं करून बाई म्हणाल्या, "आज काही मनासारखं नाही हो." आणि शेटनं हात जोडले.

आम्ही तोवर उन्हात उभ्या.

मग आमच्याकडं लक्ष गेलं. काय पाहिजे ते ऐकलं आणि शेटनं कपाटाच्या तळातून दोन पातळं काढली, पायरीच्या कडेला सरकवली. "घ्या. तुमच्यासाठी ही बरी."

शिवाशिव बंद करायचा सरकारी कायदा होऊन बरीच वर्षं झाली होती. दुकानात चढायला आम्हाला कुणी मनाई करू शकत नव्हतं. पण चढत कुणी नव्हतं. आमचे पायच थांबायचे. त्या दिवशी माझे थांबले नाहीत. एक, दोन, तीन. मी वर गेले, पातळ उचललं आणि घडी मोडली.

"ए! ए!" शेट ओरडला.

मी कापड चिमटीत धरून चोळलं. बोटांना पांढरी भुकटी लागली. तिरकं ताणलं. वीण सरकली. उजेडात धरलं, तर पलीकडचा रस्ता दिसला, रस्त्यावरची आय दिसली. मी म्हटलं, "ही नुसती खळ हाय. दुसरं दाखवा."

"हात लागला. आता घ्यावं लागेल."

"न्हाय घ्यायचं."

"घ्यावं लागेल म्हणतो ना!"

"ह्यांनी बारा पातळं हाताळली. एक तरी घेतलं?"

शेटनं बाईंकडं बघितलं. मग म्हणाला, "त्यांची गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी? सांगा."

 तो कसा सांगणार? मनात सगळं होतं, पण कायद्याला भीत होता. असली ही शूर माणसं! खोतीणबाई त्याच्या मदतीला धावल्या. "शिकवा अजून पोरींना," त्या म्हणाल्या.

खालून आय हात जोडून म्हणत होती, "घे गो बाय, घे. शेटजी, लेकरू हाय, चुकलं तिचं." हे मात्र मला सहन झालं नाही. दोन वर्षं खडपात बोटं चिरून घेणारी माझी आय, मला वाचवायला त्या जाळीला पैसे मोजायला निघाली होती. मी पातळाची घडी नीट घातली. चुरगाळली नाही, फेकली नाही. शेटच्या गादीवर ठेवली आणि म्हटलं, "नापसंत." शाळेच्या पुस्तकातला शब्द. तोपर्यंत आमच्या घरात तो कुणी वापरलाच नव्हता.

त्या दुपारी मुरुडात आम्हाला कुणी कापड विकलं नाही. आम्ही दिसलो की दुकानदारांची जेवायची वेळ व्हायची. रिकाम्या हातानं घरी आलो.  घरात शिरताच आय बोलली. "तुज्या त्वांडापायी सगलं गेलं. आता काय नेसून जाशील? माजं डोस्कं?" रडली, मला मारलं. तिचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. दोन्ही बरोबर असून घरात पातळ नव्हतं.

आयचं एकुलतं एक चांगलं हिरवं लुगडं नेसून मी अलिबागला गेले. कनवटीचे उरलेले पैसे वाटखर्चाला आणि खाणावळीला लागले. मोठ्या बाईंनी वर्गाबाहेर काढलं. तीन दिवस बाहेर व्हरांड्यात उभं राहून खिडकीतून धडे लिहून घेतले. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "शेजारच्या मुलीचं जुनं पातळ देते, घे." मी म्हटलं, "जुनं नको. चांगलं कापड बघून घेईन, तोवर उभी राहीन." बाईंना हा उद्धटपणा वाटला. वाटू दे! पाचव्या दिवशी हिरव्या लुगड्यातच आत घेतलं. का, ते बाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पहिला स्टायपेंड मिळाला तेव्हा आयला अलिबागला बोलावलं. दुकानात चढलो. आय चढली, एवढंच. दाराशी उभी राहिली. पातळ तिच्यापुढं धरलं, म्हटलं, "बघ आये, चोळून बघ." तिनं हात पाठीमागं नेले. "तूच बघ गो. मी हितनंच बघते." मी तिचा हात धरून ओढला. तिनं सोडवून घेतला. पुढं दोन वर्षांनी आय गेली. सगळ्या मुरुडात तिच्याइतकी कापडाची पारख कुणाला नव्हती, आणि दुकानातल्या एकाही कापडाला तिचं बोट लागलं नाही. हे मी कुणालाही माफ केलेलं नाही. करणारही नाही.

आता मी स्वतः शाळेत बाई आहे. काटकसरीचा धडा मलाही शिकवावा लागतो. मी पुस्तक मिटते आणि वाडीतल्या पोरींना घेऊन बाजारात जाते. पायऱ्या चढते, त्यांना चढवते. कापड त्यांच्या हातात देते. चोळा, ताणा, उजेडात धरा. चपला पायात घालून दुकानभर चालून बघा. पसंत नसेल तर ठेवा आणि उठा. दुकानदार तोंडं वाकडी करतात. एकानं विचारलं, "बाई, घ्यायचं नसतं तर येता कशाला?"

मी म्हटलं, "हात लावायला. उद्या परत येणार हाय."

आणि दुसऱ्या दिवशी गेले.