आधी पेटी, मग बटण

बँडमधले सगळे त्याला मामा म्हणत. खरा मामा तो एकट्या गिटारवाल्याचा, पण नातं एकदा स्टेजवर चढलं की सगळ्यांचंच होतं. गाणारीचा माइक तो स्पिरिटने पुसायचा, बेसच्या मळलेल्या जाड तारा पातेल्यात उकळून पुन्हा बोलत्या करायचा, आणि ड्रमच्या कडेकडेने टिचक्या मारत चाव्या आवळायचा. त्या पातेल्यावरून मामी वर्षानुवर्षं भांडत आली होती. वायर मात्र त्याच्याच पद्धतीने गुंडाळायची, एक वेढा सुलटा, एक उलटा. कोणी कोपरावर गुंडाळताना दिसला की मामा कडाडायचा, "अरे, कपडे वाळत घालायची दोरी आहे का ती?"

पण जीव होता तो अँपवर. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बसलं, तेव्हा बंद पडलेल्या एका थिएटरचं आवाजाचं जुनं यंत्र त्याने भंगारात पडण्याआधी उचललं आणि त्यातून भाच्यासाठी गिटारचा अँप बांधला. भाच्याला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. अँप काचेच्या व्हॉल्व्हचा, दोन जणांनी उचलावा असा, आणि त्याची स्पीकरची पेटी वेगळी. असल्या अँपचं एक पथ्य असतं. पेटीची वायर जोडल्याशिवाय तो चालू करायचा नाही. आवाजाला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर तो आतला ट्रान्सफॉर्मर जाळून टाकतो. "आधी पेटी, मग बटण," हे मामाने सगळ्यांना इतकं घोकवलं होतं की ड्रमवाला चहा पितानासुद्धा म्हणायचा, "आधी बशी, मग कप."

आणि मामाचे कान गेले होते.

एकदम नाही गेले. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटा, मग स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका. मामीला वाटायचं, नवरा मुद्दाम दुर्लक्ष करतो. तिलाही तो काही बोलला नाही. आंधळ्याला माणसं रस्ता ओलांडून देतात आणि बहिऱ्याला हसतात, का कोण जाणे! शिवाय, ज्याची भाकरीच आवाजावर त्याने हे सांगायचं कुणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. गिटार सुरात लावायला दिव्याने सूर दाखवणारं यंत्र होतंच, स्टेजवर सगळे ओरडूनच बोलत, आणि उरलेलं काम तळहात करायचा. पेटीवर हात ठेवला की थरथर कळे.

मग बँडमध्ये ती डबी आली. चपलांच्या खोक्याएवढी. तिच्यात म्हणे शंभर अँपचे आवाज! गिटार तिच्यात लावायची, प्रत्येकाने कानात इअरफोन घालायचे, की झालं. ना पेटी, ना व्हॉल्व्ह, ना मामा. कानामागून आली आणि तिखट झाली. मोठा दौरा ठरला, तेव्हा गाणारी म्हणाली, "मामा, रागावू नका, पण तेवढं धूड गाडीत मावायचं नाही."

भाच्याने मध्यस्थी केली. "शुक्रवारी दोन्ही ऐकू. मामा, अँप सरस ठरला तर अँप येईल आणि तूही."

एवढीच गोष्ट होती, पण मामाला रात्री झोप लागेना. दौऱ्यावर नाही गेलं तर मागे राहून करायचं काय? मामीशी बोलायचं तरी कसं?

शुक्रवारी दुपारी तो सगळ्यांच्या आधी तळघरातल्या सरावाच्या खोलीत आला. पेटीची धूळ झाडली, चाकांना तेल दिलं. पेटीच्या वायरीचं टोक जरा काळवंडलेलं दिसलं, तेही काढून स्पिरिटने लख्ख केलं आणि वाळायला जमिनीवर ठेवलं. एरवी त्याने त्या टोकाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. अति तेथे माती म्हणतात ते काही उगाच नाही.

तेवढ्यात ड्रमवाला आला, कानात इअरफोन घालून बसला आणि हात मोकळे करायला धडाधड बडवू लागला. मामाने व्हॉल्व्ह तापवले, गिटार गळ्यात घेतली, तार छेडली. कमी वाटलं. आज कान फारच दगा देताहेत, असं वाटून त्याने आवाजाचं बटण वाढवलं. अजून वाढवलं. पेटीवर तळहात ठेवला, तर पेटी छान थरथरत होती. मामाने डोळे मिटले आणि वाजवू लागला.

भाचा आणि गाणारी आत आली, तेव्हा ड्रम थांबले होते. मामा वाजवतच होता. खोलीत फक्त नखाने तार खरवडल्याचा किरकोळ आवाज येत होता. त्याने डोळे उघडले, सगळ्यांना बघून हसला.

"ऐका! कसा बोलतोय! तुमच्या डबीला जमेल का हे?"

ड्रमवाल्याने पेटीला हात लावला; ड्रम थांबल्याबरोबर तिची थरथरही थांबली होती. मग ट्रान्सफॉर्मरवरच्या जळलेल्या लाखेचा वास आला आणि अँपच्या पाठीतून धूर निघाला. भाच्याने धावत जाऊन बटण बंद केलं. जमिनीवरची वायर त्याने उचलली आणि मामासमोर धरली.

मामा त्या टोकाकडे बघत राहिला.

"मामा, तुला ऐकू येत नाही?" भाच्याने विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तेच पुन्हा विचारलं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, जसं म्हाताऱ्यांशी बोलतात.

"आला रे," मामा म्हणाला. "आईच्यान! अगदी पहिल्यासारखा आला. वरच्या सुरासकट आला."

तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच भयंकर होतं. त्याने तो आवाज ऐकला होता, वीस वर्षांत ऐकला नव्हता इतका स्वच्छ. जो नव्हताच तो इतका नीट ऐकू आला, तर मग आजवर स्टेजवर जे ऐकलं त्यातलं खरं किती?

गाणारीने डोळे पुसले. सराव तर करायलाच हवा होता. भाच्याने गिटार डबीत लावली, सगळ्यांनी इअरफोन घातले. मामाला एकटं बसवायला नको म्हणून तिने एक जोडी त्याच्याही हातात दिली.

मामाने ते कानात घातले. ड्रमवाल्याने हात उचलला. मामाच्या कानात काहीतरी वाजू लागलं, पण ते त्यांचं होतं की आपलंच, हे त्याला सांगता येईना. ड्रमवाल्याच्या हातांकडे बघत त्याने मान डोलवायला सुरुवात केली, आणि भाचा भिंतीकडे तोंड करून वाजवत राहिला.