बोथट कटर

कोपरे उडालेला, जळून काळा पडलेला कटर मशीनच्या कडेला पडला होता. तो पाहून मला प्रचंड राग आला. स्टेनलेस स्टीलच्या या कामासाठी मी नवा, धारदार कटर निवडून दिला होता. मशीन चालवणाऱ्या काकांनी मात्र साध्या लोखंडावर वापरून झिजलेला लावला. "मॅडम, कॅटलॉग तुम्ही वाचा. हळूहळू चालवला की कुठलाही कटर चालतो," असं म्हणून ते हसले, वर्कशॉपमधले बाकीचेही हसले. आणि मीही हसले. माझ्या त्या हसण्याचाच जास्त राग आला.

स्टेनलेसवर बोथट धार नुसती घासत राहिली, की ते कापलं जात नाही, उलट तिथेच जास्त कडक होतं. मग चांगल्या धारेलाही दाद देत नाही. रोज थोडं थोडं घासलं गेलं की माणसाचंही असंच होत असेल का?

दोन जॉब, म्हणजे कापायला घेतलेले स्टीलचे तुकडे, वाया गेले होते, शेवटचा एक उरला होता.

"आता काय, मॅडम?" काकांनी विचारलं.

मी नवा कटर त्यांच्या हातात ठेवला. "हाच लावा, काका. आणि घाबरत, हळूहळू चालवू नका."

कोणीतरी हसलं. मी हसले नाही.